पिनियन आणि बेअरिंग मागच्या अ‍ॅक्सलमध्ये बसवतोय : नट किती आवळायचा?

गिअरग्रस्त (शनि, रात्री ९:५०)

नमस्कार मंडळी.

मागच्या चाकांवर चालणारी, सलग हौसिंगच्या रिअर अ‍ॅक्सलची जुनी गाडी आहे. कोणती ते मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा गाडीवर घसरेल आणि पिनियन बाजूला राहील.

गुन्हा माझाच आहे. पिनियनच्या (अ‍ॅक्सलमधल्या मोठ्या दातेरी चाकाला फिरवणारं छोटं चाक) ऑइल सीलमधून तेल गळत होतं. मी प्रॉपशाफ्ट (गिअरबॉक्सकडून मागच्या अ‍ॅक्सलला फिरवणारा दांडा) सोडवला, नट काढला, फ्लँज (तो दांडा पिनियनला जोडणारी तबकडी) ओढला, सील बदललं आणि नट परत लावून इम्पॅक्ट गनने आवळला. किती? गन फिरायची थांबेपर्यंत. गळती थांबली, मी खूश. दोन महिन्यांनी साठच्या वेगाला मागून बारीक शीळ ऐकू यायला लागली. मग तिची घरघर झाली. मी "टायरचा आवाज असेल" म्हणत आणखी हजारभर किलोमीटर चालवली.

आज उघडलं. पिनियनच्या डोक्याकडच्या मोठ्या बेअरिंगची रेस (रोलर जिच्यावर फिरतात ती कडी) निळसर पडलीय, रोलरचे कपचे निघालेत. पिनियन हाताने वरखाली हलतो. क्राऊनच्या (पिनियन ज्याला फिरवतो ते मोठं चाक) दातांच्या बाहेरच्या टोकाला कडा तुटल्यात, म्हणजे क्राऊन-पिनियन जोडीच नवी. जोडी, दोन्ही पिनियन बेअरिंगं, साइड बेअरिंगं, सील, नट आणि क्रश स्लीव्ह आणून ठेवलंय.

गाडीच्या पुस्तकात नव्या बेअरिंगचा प्रीलोड १.७ ते २.५ न्यूटन-मीटर दिलाय आणि नटाचा टॉर्क "किमान २८०, प्रीलोड मिळेपर्यंत". ही भानगड काय आहे? आवळायचं २८० ला की २ ला?

---

जुनाखटारा (शनि, रात्री १०:२५)

दोन्हीला. हे दोन वेगळे आकडे आहेत आणि ते एक समजल्यामुळेच तुमचं बेअरिंग गेलं.

पिनियनवर दोन टेपर रोलर (निमुळत्या रोलरची) बेअरिंगं उलट दिशांनी, पाठीला पाठ करून बसतात. दोघांच्या मधे क्रश स्लीव्ह, म्हणजे पातळ भिंतीची, मधे फुगवटा असलेली नळी. नट आवळला की फ्लँज बाहेरच्या बेअरिंगला आत ढकलतो, ते स्लीव्हला ढकलतं आणि ती चेपते. ती चेपायलाच २८०-३०० न्यूटन-मीटर आणि कधी त्याहून जास्त लागतात. स्लीव्ह जितकी आखूड होईल तितके दोन्ही कोन (बेअरिंगचा रोलरसकट आतला भाग) आपापल्या रेसमध्ये घट्ट दाबले जातात. हा दाब म्हणजे प्रीलोड. तो थेट मोजता येत नाही, म्हणून पिनियन फिरवायला किती जोर लागतो ते मोजायचं. १.७ ते २.५ हा तो फिरवण्याचा आकडा.

नटावरचा जोर बेअरिंगबद्दल काहीही सांगत नाही. तो स्लीव्ह चेपण्यात जातो.

तुमच्या केसमध्ये काय झालं असेल ते दिसतंच आहे. जुनी स्लीव्ह आधीच चेपलेली होती, गनने ती आणखी चेपली आणि प्रीलोड मापाबाहेर गेला. टेपर बेअरिंग जास्त दाबलं की तापतं, तापलं की फुगतं, फुगलं की आणखी दाबलं जातं. निळा रंग त्याचीच खूण. नंतर कपचे निघाले, बेअरिंग सैल झालं, पिनियन क्राऊनपासून सरकायला लागला आणि दातांच्या कडांवर भार आला.

नुसतं सील बदलायचं असेल तर नट काढण्याआधी नट, शाफ्ट आणि फ्लँजवर पंचाने खूण करायची. फिरवण्याचा जोर आधीच मोजून लिहून ठेवायचा. परत लावताना त्याच खुणेवर यायचं आणि किंचित पुढे. गन फक्त सोडवायला.

---

काळेहात (शनि, रात्री १०:४१)

+१. आणि नवं काही बसवायच्या आधी हौसिंग धुवा. बेअरिंग फुटलंय म्हणजे पोलादाची भुकटी अ‍ॅक्सलच्या नळ्यांमध्ये पार चाकापर्यंत गेलेली असणार. दोन्ही बाजूचे अ‍ॅक्सल शाफ्ट काढा, काठीला फडकं बांधून नळ्या आरपार पुसा, मग डिझेलने धुवा, मग परत पुसा. पिनियनच्या पुढच्या बेअरिंगकडे तेल नेणारी वरची खाच असते, तिच्यात बोट घाला. गाळ हमखास तिथेच बसतो.

---

रेषाखुणा (रवि, सकाळी ८:०५)

बेअरिंगच्या कामात आयुष्य गेलं, म्हणून थोडं लांबण लावते.

पहिलं, जोडीचे आकडे बघा. पिनियनच्या डोक्यावर आणि क्राऊनच्या कडेवर एकच जोडी-क्रमांक कोरलेला असतो. या दोघांना कारखान्यात एकमेकांवर घासून जुळवलेलं असतं. क्रमांक वेगळे निघाले तर परत करा, बसवून बघू नका.

दुसरं, पिनियनवर अधिक किंवा उणे चिन्हासह आणखी एक आकडा असेल. हा पिनियन आदर्श जागेपासून किती पुढेमागे बसवायचा ते तो सांगतो, बहुतेक मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. जुन्या आणि नव्या पिनियनच्या आकड्यांमधला फरक म्हणजे शिममधला (पिनियनची जागा ठरवणारी पातळ चकती) फरक. अधिक म्हणजे शिम पातळ की जाड हे मात्र तुमच्या पुस्तकातूनच घ्या, सगळे बनवणारे एकच रीत पाळत नाहीत.

तिसरं, शिम कुठे आहे? काही अ‍ॅक्सलमध्ये ती पिनियनचं डोकं आणि आतला कोन यांच्यामध्ये असते, काहींत हौसिंगमध्ये रेसच्या खाली. दोन्हीकडे शिम जाड केली की पिनियन क्राऊनकडे सरकतो, एवढं लक्षात ठेवा.

आणि चौथं, जे कोणी करत नाही. नव्या बेअरिंगची उंची जुन्याइतकीच असेल असं धरू नका. एकाच नंबरच्या दोन टेपर बेअरिंगांमध्ये मिलिमीटरच्या दहाव्या भागाचासुद्धा फरक मापात बसणारा असतो. शिमचा हिशेब शंभराव्या भागात करायचा आणि बेअरिंग न मोजता लावायचं, याला अर्थ नाही.

---

पाना नं १७ (रवि, सकाळी ९:३०)

कशाला घाबरवताय त्यांना? जुनी शिम टाका, आवळा, हाताने फिरवून "जड पण गुळगुळीत" वाटलं की झालं. मी अशा चार बसवल्यात, चारही चालतायत.

---

जुनाखटारा (रवि, सकाळी ९:५२)

१७ नंबर, जुनीच जोडी परत बसवताना जुनी शिम हा बरोबर निर्णय आहे, त्यात वाद नाही. दात एकमेकांशी जुळून गेलेले असतात. नव्या जोडीला मात्र ती फक्त सुरुवात.

आणि "हाताने जड" म्हणजे कोणाच्या हाताने? फ्लँज हातात धरून फिरवला तर २ आणि ४ मधला फरक तुम्हाला कळेल, यावर माझा विश्वास नाही. मला तरी कळत नाही.

---

गिअरग्रस्त (रवि, संध्या ७:१५)

आज दिवसभराचं काम.

जोडी-क्रमांक जुळतोय. ४१ दात क्राऊनला, १० पिनियनला, जुन्यासारखेच. जुन्या पिनियनवर −२, नव्यावर +३. आमच्या पुस्तकाप्रमाणे अधिक म्हणजे पिनियन क्राऊनच्या मध्यापासून लांब, म्हणजे शिम पातळ. जुनी शिम १.१५ मिमी होती. ०.०५ वजा करून १.१० ने सुरुवात करणार. जुन्या बेअरिंगची उंची मोजण्यासारखं काही उरलेलंच नाही, ते पोत्यात आहे.

जुन्या रेस पितळी ड्रिफ्टने आलटून पालटून दोन बाजूंनी ठोकून काढल्या. नव्या रेस रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवल्या होत्या. आतली मोठी रेस जवळपास हातानेच निम्मी गेली. बाकीची ड्रायव्हरने ठोकली. मजेची गोष्ट म्हणजे रेस खांद्यावर टेकली की हातोड्याचा आवाज बदलतो. आधी थप्प थप्प आणि मग एकदम टण्ण. पुढच्या रेसचा "टण्ण" लवकर आला म्हणून संशय आला. फिलर गेज लावून बघितलं तर एका बाजूला ०.०५ ची पट्टी शिरत होती. खाली धातूची बारीक उभी कडा होती. परत काढली, खांदा ऑइलस्टोनने साफ केला, परत बसवली. आता पट्टी कुठेच शिरत नाही.

एक शंका. पिनियनवर मोठं बेअरिंग प्रेसने घट्ट बसतं. दातांना रंग लावून उठणारी छाप बघून शिम बदलायची तर दर वेळी ते ओढून काढायचं? दोनदा काढलं तर जाळी वाकेल.

---

शिमसम्राट (रवि, संध्या ८:०२)

आयडीला साजेसा प्रश्न आला एकदाचा.

सेट-अप बेअरिंग करा. त्याच नंबरचं आणखी एक बेअरिंग घ्या आणि त्याच्या आतल्या भोकाला एमरीच्या फ्लॅप व्हीलने घासा, पिनियनवर हाताने सरकेल इतकंच. मग शिम कितीही वेळा बदला. फक्त रेषाखुणा ताई म्हणतात ते विसरू नका. हे घासलेलं आणि शेवटी बसवायचं, दोन्ही एकाच रेसमध्ये ठेवून, थोडं फिरवून, सपाट पाट्यावर डायल गेजने उंची मोजा. जो फरक येईल तो शेवटच्या शिममध्ये धरा.

ट्रायलच्या वेळी क्रश स्लीव्ह आणि सील लावायचं नाही. जुना नट लावून, हलका प्रीलोड येईल इतकाच आवळायचा. मग क्राऊनसकट डिफरन्शियल बसवायचा आणि बॅकलॅश (दोन्हींच्या दातांमधली मोकळीक) लावायचा. डायलचं टोक क्राऊनच्या दाताच्या बाहेरच्या टोकाजवळ, दाताला काटकोनात. पिनियन धरून ठेवा, क्राऊन इकडेतिकडे हलवा, चार ठिकाणी मोजा. चारही आकड्यांत ०.०५ पेक्षा जास्त फरक आला तर क्राऊन वाकडा बसलाय किंवा बोल्टखाली कचरा आहे.

मग रंग. क्राऊनच्या तीन-चार दातांना दोन्ही बाजूंनी पातळ लावा. पातळ म्हणजे पातळ. जाड थापलात तर छाप नाही, रांगोळी मिळेल. क्राऊनला लाकडी दांड्याने ब्रेकसारखं दाबून धरा आणि पिनियन पान्याने फिरवा, मग उलट. भार नसेल तर छाप खोटं बोलते.

---

गिअरग्रस्त (मंगळ, रात्री १०:३०)

दोन बेअरिंगांच्या उंचीत फरक ०.०१, सोडून दिला. शिम १.१०. बॅकलॅश ०.१६ (पुस्तकात ०.१३ ते ०.१८), चारही ठिकाणी ०.१५ ते ०.१७.

पिवळा रंग लावून फिरवलं. टॉर्च तिरका धरून बघितलं तर दाताच्या मधोमध रंग तसाच आणि वरच्या धारेलगत तो पुसून झालेली, नखाएवढ्या रुंदीची चकचकीत पट्टी. क्राऊनच्या फुगीर बाजूला पट्टी जराशी बाहेरच्या टोकाकडे, खोलगट बाजूला जराशी आतल्या टोकाकडे. पण दोन्हीकडे माथ्यावरच. फोटो धड येत नाही, सगळं चमकतं.

---

शिमसम्राट (मंगळ, रात्री १०:५८)

फोटो नको, वर्णनच इतकं स्वच्छ आहे.

फुगीर बाजू म्हणजे गाडी ओढताना भार घेणारी. खोलगट बाजू म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावरची. दोन्हीकडे छाप माथ्यावर आली की पिनियन लांब आहे. दोन्हीकडे मुळाशी खोल गेली की पिनियन जास्त आत. आधी फक्त वर-खाली वाचा. टोकांकडची सरक नंतर, ती बरीचशी बॅकलॅशने हलते.

शिम जाड करा. आणि घाबरत ०.०२-०.०२ ने चालू नका. सरळ ०.१० ने वाढवा, म्हणजे पलीकडची बाजू दिसेल. दोन टोकं सापडली की मधला बिंदू काढणं सोपं.

---

नवखाचालक (बुध, दुपारी १:१०)

वाचतोय. बाळबोध प्रश्न आहे, हसू नका. पिनियन क्राऊनच्या मध्यरेषेवर नाही, खाली का असतो? आणि ४१ ला १० असा विचित्र आकडा का, सरळ ४० ला १० का नाही?

---

जुनाखटारा (बुध, दुपारी २:३५)

दोन्ही प्रश्न चांगले आहेत.

मध्यरेषेच्या खाली असलेल्या जोडीला हायपॉइड म्हणतात. पिनियन खाली गेला की प्रॉपशाफ्ट खाली जातो आणि गाडीची फरशी खाली आणता येते. शिवाय पिनियन जाड करता येतो आणि एका वेळी जास्त दात भार घेतात. पॅकार्डने १९२६ मध्ये मोटारीत हे आणलं. किंमत अशी की दात एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, लांबीच्या दिशेने घसरतातही. साधं तेल त्या घसरणीत टिकत नाही, म्हणून जीएल-५ दर्जाचं गिअर ऑइल लागतं.

४० ला १० घेतलं तर पिनियनचा एक दात कायम क्राऊनच्या त्याच चार दातांना भेटत राहील. ४१ आणि १० ला समान भाजक नाही, त्यामुळे प्रत्येक दात प्रत्येक दाताला भेटतो आणि झीज सारखी होते. जिथे आकडे भागले जातात अशा काही जोड्यांवर खुणा असतात, त्या जुळवूनच बसवाव्या लागतात. गिअरग्रस्तांना ती चिंता नाही.

आणि टेपर बेअरिंगचंच विचाराल तर हेन्री टिमकेनचं पेटंट १८९८ चं आहे, घोडागाडीच्या अ‍ॅक्सलसाठी. वळणावर चाकावर आडवा भार येतो, तो पेलायला. पिनियनला तेच हवं असतं, कारण हायपॉइड पिनियन चालताना पुढेमागे ढकलला जातो. म्हणून दोन बेअरिंगं, उलट दिशांनी.

---

गिअरग्रस्त (गुरु, रात्री ११:०५)

शिम १.२०. बॅकलॅश कमी झाला म्हणून क्राऊन अ‍ॅडजस्टरने लांब केला, परत ०.१६. छाप आता दोन्हीकडे मुळाकडे झुकली, पण थोडीच. म्हणजे उत्तर १.२० च्या जवळ. १.१७ टाकली.

आता मधोमध. फुगीर बाजूला मध्यापासून किंचित आतल्या टोकाकडे, खोलगट बाजूला जवळपास मध्यावर. माथ्याला आणि मुळाला दोन्हीकडे रंग शिल्लक. दहा मिनिटं नुसता बघत बसलो होतो.

हिशेबाने १.१०, छापीने १.१७. हे ०.०७ कुठून आले?

---

रेषाखुणा (शुक्र, सकाळी ७:४०)

बेअरिंगमधून, बहुतेक. तुमचं नवं बेअरिंग जुन्यापेक्षा तेवढं बुटकं असेल तर पिनियन तेवढाच क्राऊनपासून लांब बसणार. जुनं मोजता आलं असतं तर पहिल्याच फेरीत १.१७ आलं असतं. छाप शेवटचा शब्द, हिशेब पहिला.

भार आला की छाप बाहेरच्या टोकाकडे पसरते, त्यामुळे आत्ता किंचित आत असणं चांगलंच.

खरं बेअरिंग चढवताना ओव्हनमध्ये १०० अंशांपर्यंत गरम करा, १२० च्या वर नको, पोलादाचा कडकपणा जातो. जाड हातमोजे घाला, एका दमात सरकवा आणि थंड होईपर्यंत नळीने आतल्या रेसवर दाबून धरा. थंड होताना ते डोक्यापासून मागे सरकतं. जाळीवर किंवा रोलरवर जोर अजिबात नाही.

---

काळेहात (शुक्र, सकाळी ८:१२)

आणि बाहेरचं छोटं बेअरिंग आधी, सील नंतर. उलटं केलंत तर सील फोडून काढावं लागेल. उलटं करणाऱ्यांच्या मंडळात बरेच सभासद आहेत, मी अध्यक्ष.

---

निवांत (शुक्र, दुपारी १२:२०)

प्रीलोड मोजायला काय वापरणार? साधा क्लिक टॉर्क रेंच इथे निरुपयोगी आहे. त्याची सुरुवातच बहुधा ५-१० न्यूटन-मीटरला होते आणि तो फिरताना आकडा दाखवत नाही. काट्याचा किंवा डायलचा छोटा रेंच हवा.

तो नसेल तर तागडीचा काटा, हुकचा स्प्रिंग बॅलन्स. फ्लँजच्या गोल कडेवर दोरी गुंडाळा, काटा अडकवा आणि सरळ ओढा. तुमचा फ्लँज १२० मिमी व्यासाचा असेल तर त्रिज्या ६ सेंमी. २ न्यूटन-मीटर म्हणजे साधारण २०.४ किलो-सेंमी. भागिले ६ म्हणजे ३.४ किलो. हलायला लागतानाचा झटका धरायचा नाही, सावकाश एकसारखं फिरत असतानाचा आकडा धरायचा. मोजायच्या आधी दहा-पंधरा फेऱ्या फिरवा, रोलर आपापल्या जागी बसतात. बेअरिंगला गिअर ऑइल लावलेलं असू द्या, कोरडं मोजू नका.

डिफरन्शियल या वेळी बाहेर हवा. पिनियन एकटा.

---

गिअरग्रस्त (शनि, रात्री ८:४५)

वाट लागली.

सगळं नीट चाललं होतं. फ्लँजला दोन बोल्टने मीटरभर लांब पट्टी लावली, तिचं टोक जमिनीला टेकवलं. पाऊण इंची ड्राइव्हचं हँडल, त्यावर पाइप. नट आवळत गेलो. पिनियन हाताने ओढला की कट्कट् हलत होता. मग नट अडला. पाइपवर सगळं वजन टाकलं तरी हलेना, आणि मग एकदम सरकायला लागला, जोर न वाढता. लोणी दाबल्यासारखा. हीच स्लीव्ह चेपतेय हे कळलं. थोडं आवळायचं, पिनियन हलवून बघायचं. कट्कट् कमी होत गेली, बंद झाली. काटा लावला, ०.५ न्यूटन-मीटर.

आता थोडंच राहिलं म्हणून एक पाव फेरी घेतली.

काटा ७ किलो. म्हणजे ४ न्यूटन-मीटरच्या वर.

---

पाना नं १७ (शनि, रात्री ९:०३)

पाव फेरी उलटी घ्या की. त्यात काय एवढं?

---

जुनाखटारा (शनि, रात्री ९:३०)

नाही. चेपलेली स्लीव्ह परत लांब होत नाही. नट सैल केला की काटा २ दाखवेल, पण कोन-स्लीव्ह-फ्लँज हा गठ्ठा एकमेकांवर दाबून धरणारा ताण नटात उरणार नाही. चालताना नट सुटेल किंवा आतली रेस शाफ्टवर फिरायला लागेल.

नवी स्लीव्ह, दुसरा इलाज नाही. सील काळजीपूर्वक निघालं तरी नवंच लावा. बेअरिंग वाचलंय, चार फेऱ्यांनी काही झालं नसणार.

कट्कट् थांबल्यानंतर नट फेरीच्या भाषेत बोलायचाच नाही. पाच अंश, मोज. पाच अंश, मोज. घड्याळाच्या काट्याचं एक मिनिट म्हणजे सहा अंश, तेवढं.

---

शिमसम्राट (शनि, रात्री १०:१०)

माझं मत वेगळं आहे. स्लीव्ह फेकून द्या आणि घन स्पेसर बसवा, मिळत असेल तर. तो चेपत नाही. त्याच्या जोडीला पातळ शिम. जाड शिमने सुरुवात करायची म्हणजे पिनियन सैल राहील, मग एकेक शिम कमी करत प्रीलोड वाढवायचा. नट दर वेळी पूर्ण टॉर्कने. चारपाच वेळा उघडझाप होते, पण पुढे सील बदलताना नट पुन्हा त्याच टॉर्कला आवळला की प्रीलोड तोच येतो. ओझं ओढणाऱ्या गाडीला तर मी दुसरं काही लावतच नाही.

---

जुनाखटारा (शनि, रात्री १०:२२)

स्पेसर उत्तम, मान्य. पण रोजच्या गाडीत स्लीव्ह लाखो किलोमीटर चालते, लावणाऱ्याने घाई केली नाही तर. त्यांच्याकडे अख्खा आठवडा आहे, घाई कशाला करतील?

---

गिअरग्रस्त (पुढचा शुक्र, रात्री ९:२०)

घाई केली नाही.

नवी स्लीव्ह, नवं सील, नवा नट. फ्लँजच्या खाचांना आणि वॉशरखाली सीलंट लावला, तिथूनही तेल झिरपतं असं पुस्तकात होतं. सीलच्या ओठाला ग्रीस. जुन्या सीलने फ्लँजवर नखाला लागेल अशी चरी पाडली होती, तिच्यावर पातळ दुरुस्ती-स्लीव्ह चढवली.

०.६, ०.९, १.१, १.१, १.५, १.९, २.२ न्यूटन-मीटर. थांबलो. वीस फेऱ्या फिरवून परत मोजलं, २.२. ही सात मापं घ्यायला पाऊण तास लागला. शेवटच्या तीन मापांत नट जेमतेम हलला असेल.

---

रेषाखुणा (पुढचा शुक्र, रात्री ९:५५)

सुरेख. आता डिफरन्शियल बसवताना बेअरिंगच्या टोप्या डाव्याची डावीकडे आणि उजव्याची उजवीकडेच लावा. त्या हौसिंगसोबत एकत्र बोअर केलेल्या असतात, बदलल्या तर बेअरिंग चिमटतं. काढताना खूण केली होती ना? साइड बेअरिंगचा प्रीलोड अ‍ॅडजस्टरने आला की बॅकलॅश परत तपासा. तो हलवायचा झाल्यास एका बाजूला जितके खाचे सैल तितकेच दुसरीकडे घट्ट, म्हणजे साइडचा प्रीलोड तसाच राहतो. आणि एकदा शेवटची छाप घ्या. आधी घेतली होती ती सेट-अप बेअरिंगवर होती.

---

काळेहात (पुढचा शुक्र, रात्री १०:१५)

तेल भरायच्या आधी एक विचारतो. मुळात सील का गळत होतं? हौसिंगचा ब्रीदर (आतली हवा बाहेर सोडणारं तोंड) बघितलात का?

---

गिअरग्रस्त (रवि, संध्या ६:३०)

काळेहात, तुम्ही लै बेकार माणूस आहात.

ब्रीदरची टोपी चिखलाने सिमेंटसारखी बंद. तारेने टोकरली तेव्हा फुस्स करून हवा सुटली, उघड्या हौसिंगमध्येही! (हे शेवटचं खोटं आहे, पण टोपी खरंच बंद होती.) हौसिंग तापलं की आतली हवा फुगते, बाहेर जायला वाट नाही, मग ती सीलमधून तेल ढकलते. म्हणजे आधीचं सील कदाचित ठीकच होतं. एक टोपी साफ न केल्यामुळे क्राऊन-पिनियन बदललं मी.

शेवटची छाप तशीच, बॅकलॅश ०.१५ ते ०.१६. जीएल-५, ८०डब्ल्यू-९० तेल भोकाच्या खालच्या कडेपर्यंत भरलं. आज वीस किलोमीटर सावकाश चालवली, मग पूर्ण थंड होऊ दिली, मग परत वीस. पिनियनच्या नाकाजवळ थर्मामीटरने ५८ अंश. आवाज नाही. साठला नाही, ऐंशीला नाही, ओढताना नाही, सोडताना नाही. खिडक्या बंद करून, पंखा बंद करून ऐकलं.

---

जुनाखटारा (रवि, संध्या ७:०५)

अभिनंदन. ५८ उत्तम आहे. पहिले ८०० किलोमीटर ओझं ओढू नका, मग तेल बदला. काढलेल्या तेलात चंदेरी झाक दिसेल, ती चालते. बोटांत चुरचुरणारे कण आले तर इथे या.

---

नवखाचालक (रवि, रात्री ८:४०)

वाचनखूण साठवली. आत्ताच खाली जाऊन माझ्या गाडीच्या ब्रीदरची टोपी फिरवून आलो. फिरत नाहीये.

---

काळेहात (रवि, रात्री ८:४४)

नवा धागा काढा.